जेत्यांच्या रोजनिश्या आणि जितांची साक्ष



आजच्या व्याख्यानाचा विषय आपल्या देशापासून फार दूरचा आहे. ऑस्ट्रेलिया खंडातील मूळ रहिवासी आणि त्यांच्या भूमीत शिरलेले इंग्रज वसाहतवाले यांच्यात सुमारे एकशेचाळीस वर्षे जो झगडा चालला, त्याचा इतिहास कोणत्या कागदांवरून लिहावयाचा, हा तो विषय होय. हा केवळ पंडितांचा वाद आहे असे कोणी समजू नये. ज्या लोकांची भूमी गेली, माणसे मारली गेली आणि कित्येक भाषा लोपल्या, त्यांच्या हाती त्या काळचा स्वतःचा लेखी कागद जवळजवळ नव्हताच. जे लिहिले गेले ते बहुतेक सर्व त्यांच्या शत्रूंनी, मालकांनी, किंवा स्वतःस त्यांचे रक्षक म्हणविणाऱ्या अधिकाऱ्यांनी लिहिले. अशा लोकांनी आपला इतिहास आणि आपला हक्क शाबीत करावयाचा तर कसा? ज्यांच्याविषयी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनीच लिहिले, अशा प्रत्येक समाजास हा प्रश्न केव्हा ना केव्हा सोडवावाच लागतो.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगतो. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी त्या खंडात निदान पन्नास हजार वर्षांपासून राहत आले आहेत. त्यांच्या अडीचशेच्या आसपास भाषा होत्या. प्रत्येक जमातीची भूमी ठरलेली होती, आणि त्या भूमीची माहिती गीतांत, नृत्यांत व वडीलधाऱ्यांच्या स्मरणात साठविलेली होती. १७८८ च्या जानेवारीत इंग्रजांची जहाजे आजच्या सिडनी शहराच्या जागी येऊन लागली. त्यांतून आले ते मुख्यतः काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी आणि त्यांच्यावरील पहारेकरी. पुढे मेंढरांचे कळप आले. जसजसे कळप आत सरकत गेले, तसतशी वसाहतीची सरहद्दही आत सरकत गेली. या सरकत्या सरहद्दीवर जे रक्त सांडले, त्यालाच इतिहासकार सरहद्दीचा इतिहास म्हणतात. १९२८ साली मध्य ऑस्ट्रेलियात कॉनिस्टन येथे झालेल्या हत्याकांडापर्यंत तो येऊन पोहोचतो.

या इतिहासाची साधने म्हणजे सरकारी खलिते, वर्तमानपत्रे, न्यायालयांचे कागद, खाजगी पत्रे आणि रोजनिश्या. त्यांपैकी रोजनिशीचे मोल विशेष आहे. बखर आणि रोजनिशी यांतला भेद महाराष्ट्रात निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. बखर मागाहून लिहिली जाते आणि लिहिताना कोणाचे तरी थोरपण मनात असते. रोजनिशी त्या दिवशीची त्या दिवशी लिहिली जाते, आणि उद्या काय होणार हे लिहिणारास ठाऊक नसते. म्हणून तिच्यात अशा काही गोष्टी शिरतात की ज्या बखरीत कधी शिरल्या नसत्या.

न्यायालयाने नाकारलेली साक्ष

या रोजनिश्यांवर एवढी भिस्त का ठेवावी लागते, याचे उत्तर तत्कालीन कायद्यात आहे. इंग्रजांच्या न्यायालयात साक्ष द्यावयाची तर बायबलवर शपथ घ्यावी लागे. मूळ रहिवासी ख्रिस्ती नव्हते, म्हणून त्यांची शपथ धरली जात नसे, आणि शपथ नाही म्हणून साक्षही नाही. परिणाम असा की, ज्याच्या डोळ्यांदेखत त्याची बायकामुले मारली गेली, तो मनुष्य न्यायाधीशासमोर उभा राहून एक शब्दही बोलू शकत नव्हता.

न्यू साउथ वेल्समध्ये मायल क्रीक येथे १० जून १८३८ रोजी काय झाले ते पाहा. घोड्यावर बसून आलेल्या एका टोळीने विरायाराय जमातीच्या अठ्ठावीस लोकांना दोरीने बांधून नेले आणि ठार केले. त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध माणसेच अधिक होती. हे लोक त्या कुरणावर विश्वासाने राहत होते. विल्यम हॉब्स नावाच्या कारभाऱ्याने प्रकरण दडपू दिले नाही. जॉर्ज अँडरसन नावाच्या कैद्याने, जो तेथील झोपडीची राखण करीत असे, निर्भयपणे साक्ष दिली. पहिल्या खटल्यात अकराही आरोपी निर्दोष सुटले. सरकारी वकील प्लंकेट यांनी दुसरा खटला भरला, आणि १८ डिसेंबर १८३८ रोजी सात जणांना फाशी झाली.

परंतु या खटल्याचा शेवट फारसा कोणी सांगत नाही. आणखी चार आरोपी शिल्लक होते. त्यांच्याविरुद्ध मुख्य साक्षीदार डेव्ही नावाचा मूळ रहिवासी तरुण होता. त्याला बायबलवरील शपथेचा अर्थ शिकविला जाईपर्यंत खटला तहकूब ठेवण्यात आला. डेव्ही पुन्हा कोणालाही सापडला नाही, आणि १८३९ साली ते चौघे सुटले. टोळीचा म्होरक्या जॉन फ्लेमिंग हा स्वतंत्र जमीनदार होता. तो तर कधी न्यायालयापुढे आलाच नाही.

पुढे १८४३ साली ब्रिटिश पार्लमेंटाने अशी शपथेवाचूनची साक्ष ग्राह्य धरण्याची मुभा वसाहतींना दिली. न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने तसा कायदा १८४४ मध्ये आणि पुन्हा १८४९ मध्ये फेटाळला. तो होण्यास १८७६ साल उजाडावे लागले. म्हणजे सरहद्दीचा अत्यंत रक्तरंजित काळ उलटून गेल्यावर साक्षीचा दरवाजा उघडला. त्या मधल्या वर्षांत मूळ रहिवासी जे सांगत होते ते कोणी ऐकले का, आणि ऐकले असल्यास लिहून ठेविले का? ज्यांनी लिहिले त्यांच्या वह्यांत ती नाकारलेली साक्ष आज आपणास सापडते.

एका तरुणीचे उत्तर

अशी पहिली वही विल्यम डॉज या नौदलाच्या लेफ्टनंटाची आहे. तो खगोलशास्त्र जाणणारा होता. सिडनीच्या बंदरालगत त्याने वेधशाळा उभारली आणि १७९० व १७९१ या वर्षांत तेथील भाषा शिकण्यास आरंभ केला. त्याची मुख्य शिक्षिका पट्येगरांग नावाची तरुण मुलगी होती. तिची वाक्ये त्याने तिच्याच भाषेत लिहून घेतली आणि शेजारी इंग्रजी अर्थ दिला. एके ठिकाणी त्याने तिला विचारले आहे की, तुमच्या माणसांनी गोऱ्या माणसास जखमी का केले? ती सांगते, ते रागावले आहेत म्हणून. राग कशाचा? गोरे लोक येथे येऊन राहिले म्हणून. पुढे ती सांगते की आमची माणसे भ्यालेली आहेत. भय कशाचे? बंदुकांचे.

अवघी चार-सहा वाक्ये. परंतु वसाहतीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीच मूळ रहिवाशांना आपल्यावर कोणता अन्याय होत आहे हे पूर्ण उमगले होते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही. त्यांना जमिनीच्या मालकीची कल्पनाच नव्हती, असे जे पुढे दीडशे वर्षे शिकविले गेले, ते या मुलीच्या दोन उत्तरांपुढे टिकत नाही.

डॉजच्या वर्तनाचीही नोंद आहे, ती मात्र दुसऱ्याच्या लेखणीतून. १७९० च्या डिसेंबरात गव्हर्नर फिलिप याने एका गोऱ्या शिकाऱ्यास भाला मारल्याचा सूड म्हणून सैनिकांची तुकडी पाठविली. सहा जणांना पकडून आणावे, ते न जमल्यास ठार करावे, असा हुकूम होता. डॉजने प्रथम जाण्यास नकार दिला. मग पाद्र्याशी बोलून तो गेला, पण परत आल्यावर आपण गेलो याचा खेद वाटतो असे त्याने उघडपणे सांगितले. त्या तुकडीचा प्रमुख वॉटकिन टेंच याने ही मोहीम आपल्या १७९३ च्या पुस्तकात वर्णिली आहे. शिरे आणण्यासाठी पिशव्या बरोबर दिल्या होत्या, हेही त्याने लपविले नाही. मोहिमेत कोणीही सापडले नाही. डॉजच्या वह्या मात्र लंडनच्या एका ग्रंथसंग्रहात पडून राहिल्या आणि १९७२ साली अभ्यासकांच्या दृष्टीस पडल्या. पट्येगरांगचे उत्तर वाचावयास जगाला एकशेऐंशी वर्षे लागली.

रॉबिन्सनची रोजनिशी

या सर्व साधनांत सर्वांत मोठे, आणि सर्वांत अधिक वादाचे साधन म्हणजे जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन याची रोजनिशी. रॉबिन्सन हा लंडनचा घरे बांधणारा कारागीर. १८२४ साली तो व्हॅन डीमेन्स लँड, म्हणजे आजचे टास्मानिया, या बेटावर आला. तेथे वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यात उघड युद्ध पेटले होते. लेफ्टनंट गव्हर्नर जॉर्ज आर्थर याने नोव्हेंबर १८२८ मध्ये लष्करी कायदा पुकारला. १८३० साली सुमारे दोन हजार दोनशे माणसांची रांग करून तीच्याने मूळ रहिवाशांना बेटाच्या एका कोपऱ्यात रेटण्याचा प्रयत्न झाला. त्या प्रचंड मोहिमेत हाती लागले ते दोन जण, आणि दोघे मारले गेले.

याच सुमारास रॉबिन्सन निःशस्त्र मार्गाने मूळ रहिवाशांची मने वळविण्यास निघाला होता. त्याच्याबरोबर त्रुगनिनी, वुरेडी इत्यादी मूळ रहिवासी स्त्रीपुरुष वाटाडे व दुभाषे म्हणून होते. १८३० पासून १८३४ पर्यंत त्याने ते बेट पायी पालथे घातले आणि तंबूत बसून जवळजवळ रोज लिहिले. माणसांची नावे, त्यांच्या जमाती, शब्द, गीते, भांडणे, कोणास कोणी कोठे मारले, सर्व काही. पुढे तो हे कागद घेऊन इंग्लंडास गेला आणि १८६६ साली बाथ येथे वारला. १९३९ मध्ये सिडनीच्या मिचेल ग्रंथालयाने ते विकत घेतले. त्याचे अक्षर इतके दुर्बोध की ते लावण्यात ब्रायन प्लॉम्ली या संशोधकाची वर्षे गेली. हजारांहून अधिक पानांचा तो ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला.

या रोजनिशीतील दोन नोंदी मी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली केप ग्रिमची. हे टास्मानियाच्या वायव्य टोकावरील ठिकाण. तेथील विस्तीर्ण भूमी व्हॅन डीमेन्स लँड कंपनीच्या ताब्यात होती आणि एडवर्ड कर हे तिचे व्यवस्थापक होते. कंपनीच्या मेंढपाळांनी मूळ रहिवाशांच्या स्त्रियांना फूस लावण्याचा प्रयत्न केला, त्यावरून झगडा झाला आणि माणसे मेली. सूड म्हणून मूळ रहिवाशांनी कंपनीची शंभरांहून अधिक मेंढरे कड्यावरून लोटली. त्यानंतर १० फेब्रुवारी १८२८ रोजी चार मेंढपाळांनी एका जमातीस बेसावध गाठून गोळ्या घातल्या.

किती माणसे मारली गेली? कर यांनी लंडनच्या संचालकांना सहा कळविली आणि पुढे हा आकडा आणखी खाली आणला. त्या भागाचे मॅजिस्ट्रेटही तेच होते, म्हणून चौकशी करावयाची ती त्यांनीच, आणि ती झाली नाही. कंपनीच्याच गोल्डी नावाच्या नोकराने करांशी बिनसल्यावर १८२९ साली गव्हर्नरास पत्र लिहिले, तेव्हा प्रकरण बाहेर आले. १८३० च्या मध्यास रॉबिन्सन तेथे पोहोचला. मारणाऱ्यांपैकी चेंबरलेन याला त्याने समोर बसवून विचारले, आणि त्याने तीस माणसे मारल्याचे कबूल केले. सील मारणाऱ्या खलाशांनी धरून ठेवलेल्या मूळ रहिवासी स्त्रियांकडूनही रॉबिन्सनने हीच हकीकत निराळी ऐकली आणि लिहिली. त्या स्त्रियांना कोणतेही न्यायालय विचारणार नव्हते. त्यांची साक्ष या एका वहीत उरली आहे.

दुसरी नोंद ६ ऑगस्ट १८३१ ची आहे. मन्नलरगेना नावाच्या वृद्ध व प्रतिष्ठित नेत्यास रॉबिन्सनने त्या दिवशी गव्हर्नरच्या वतीने सांगितले की, तुमचे लोक लढाई थांबवतील तर त्यांना त्यांच्या त्यांच्या प्रदेशात राहू दिले जाईल. मन्नलरगेनाने विश्वास ठेविला आणि इतर जमातींना भेटविण्यास मदत केली. पुढे काय झाले? सुमारे दोनशे लोकांना फ्लिंडर्स बेटावर नेऊन ठेविले. मन्नलरगेना १८३५ च्या डिसेंबरात तेथेच वारला. तेथील वायबलेना वस्तीत रॉबिन्सनने त्यांची नावे बदलली, त्यांना कपडे, बायबल व शिस्त दिली. माणसे मात्र रोगाने आणि खंतीने मरत गेली. १८४७ साली वस्ती मोडली तेव्हा सत्तेचाळीस उरली होती.

बंधू-भगिनींनो, या वचनाचा कोणताही करारनामा नाही. त्यावर सरकारी मोहोर नाही. ज्याने वचन दिले आणि जो ते मोडण्यात सामील झाला, त्याच्याच हातची नोंद हा त्याचा पुरावा आहे.

आणि त्या वचनाची आठवण ज्यांना दिले होते त्यांनीही ठेविली होती. १७ फेब्रुवारी १८४६ रोजी वायबलेनातील आठ जणांनी वॉल्टर जॉर्ज आर्थर याच्या पुढाकाराने राणी व्हिक्टोरियाकडे अर्ज पाठविला. आम्ही युद्धात धरलेले कैदी नसून स्वतंत्र लोक आहोत, आम्ही रॉबिन्सन व गव्हर्नर आर्थर यांच्याशी बोलणे करून आपली भूमी सोडली, आणि आम्ही आमचा शब्द पाळला आहे, असे त्यांनी त्यात बजावले. जुलमी अधिकारी डॉ. जेनरेट याला पुन्हा आमच्यावर नेमू नये ही त्यांची मागणी होती. वॉल्टर लिहावयास शिकला होता. ज्या लेखणीने त्याला आज्ञाधारक करावयाचे होते, तीच त्याने हक्क मागण्यास वापरली. चौकशी झाली, जेनरेटला काढण्यात आले आणि वस्ती बंद झाली. अर्ज आणि रोजनिशी हे दोन कागद शेजारी ठेविले म्हणजे दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट सिद्ध होते.

साक्षीदाराची उलटतपासणी

येथे कोणी विचारील की, रॉबिन्सनवर विश्वास का ठेवावा? तो स्वार्थी होता, आत्मप्रौढी मिरविणारा होता. १८२९ साली वर्षाला शंभर पौंडांवर कामास लागलेला हा मनुष्य मूळ रहिवाशांना बेटाबाहेर नेण्याच्या कामातून पुढे धन व जमीन मिळवून बसला. हा आक्षेप खरा आहे. २००२ साली कीथ विंडशटल या लेखकाने असेच आक्षेप घेऊन टास्मानियातील हत्यांचे आकडे फुगविलेले आहेत, केप ग्रिमला तीस मारले जाणे शक्यच नव्हते, असे प्रतिपादन केले. त्यावर तेथे मोठे वाग्युद्ध झाले. दुसऱ्याच वर्षी रॉबर्ट मॅन यांनी संपादिलेल्या ग्रंथात अनेक इतिहासकारांनी उत्तर दिले, आणि त्यात इयान मॅकफार्लेन यांनी केप ग्रिमचे सर्व कागद पुन्हा तपासून मांडले.

या वादाचा एक फायदा झाला. रोजनिशी ही देववाणी नव्हे, ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावयाची असते, हे सर्वांच्या ध्यानी आले. ही उलटतपासणी सामान्य वाचकासही करता येते. नोंद घटनेनंतर किती दिवसांनी लिहिली? कोणासाठी लिहिली, स्वतःसाठी की वरिष्ठांस दाखविण्यासाठी? खोटे लिहिण्यात लिहिणाराचा लाभ होता काय? तीच गोष्ट दुसऱ्या कोणी निराळी सांगितली आहे काय?

केप ग्रिमला या कसोट्या लावून पाहा. आकडा कमी सांगण्यात करांचा उघड लाभ होता. चेंबरलेनने तीस सांगण्यात त्याचा लाभ कोणता? स्वतःच्या गळ्यात दोर पडेल अशी कबुली मनुष्य उगीच देत नाही. आणि त्या स्त्रियांचे सांगणे त्याच्या कबुलीशी जुळते. रॉबिन्सन स्वार्थी असला तरी येथे तो केवळ लिहून घेणारा कारकून आहे.

जेत्याने स्वतःच्या हिताविरुद्ध लिहिलेली नोंद सर्वांत वजनदार होय. नील ब्लॅक नावाचा स्कॉटिश मेंढीमालक १८३९ साली आजच्या व्हिक्टोरियात आला. त्याच्या त्या वर्षीच्या डिसेंबरातील रोजनिशीत असे लिहिलेले आहे की, सरहद्दीबाहेर नवी जमीन धरणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे, मात्र मूळ रहिवाशांना डावीउजवीकडे कापून काढताना पश्चात्ताप होऊ नये इतकी सदसद्विवेकबुद्धी जळून गेलेली असली पाहिजे. त्याने मग वसलेले कुरण विकत घेतले. त्याच कुरणावर आधीचा कारभारी फ्रेडरिक टेलर याने एक सबंध वस्ती मारविली होती. १८४६ साली हेन्री मेरिक याने गिप्सलँडमधून इंग्लंडास आपल्या घरी पत्र लिहिले, त्यात त्या प्रदेशात साडेचारशेंहून कमी माणसे मारली गेली नसतील असे तो म्हणतो. फाशीची शिक्षा होईल म्हणून या गोष्टी गुप्त ठेवल्या जातात, हेही त्याने नमूद केले आहे.

मायल क्रीकच्या फाशीचा एक परिणाम या वाक्यावरून समजतो. हत्या थांबल्या नाहीत, लिहिणे थांबले. म्हणून पुढच्या काळात रोजनिशीचे मौनही वाचावे लागते. क्वीन्सलँडमध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालील पोलीस पथके आपल्या अहवालांत मूळ रहिवाशांना ‘पांगविले’ असे लिहीत. १८६१ साली विधिमंडळाच्या समितीने व्हीलर नावाच्या अधिकाऱ्यास पांगविणे म्हणजे काय असे विचारले, तेव्हा त्याने सरळ उत्तर दिले की त्यांच्यावर गोळ्या झाडणे. या एका उत्तराने शेकडो सभ्य अहवालांचा अर्थ उघडा पडतो.

पितापुत्रांचे कागद

आता वर्तमानाकडे येतो, कारण हे कागद केवळ भूतकाळाचे राहिलेले नाहीत. ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने माबो खटल्यात निर्णय दिला की, इंग्रज आले तेव्हा ही भूमी कोणाचीच नव्हती हे तत्त्व खोटे आहे. मूळ रहिवाशांचा जमिनीवरील हक्क कायद्याने ओळखला गेला. परंतु तो मिळविण्यास प्रत्येक जमातीने सिद्ध करावयाचे होते की, आपल्या पूर्वजांच्या चालीरीती व कायदे अखंड चालत आले आहेत. आणि पूर्वजांच्या चालीरीती काय होत्या हे पाहावयाचे कोठे? पुन्हा गोऱ्यांच्या कागदांत!

मरे नदीच्या काठच्या योर्टा योर्टा लोकांनी असा दावा लावला. १८ डिसेंबर १९९८ रोजी न्यायमूर्ती ओल्नी यांनी तो फेटाळला. आज जिवंत असलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी साक्षीपेक्षा त्यांनी एका जुन्या पुस्तकास अधिक वजन दिले. त्या पुस्तकाचा लेखक १८४० च्या दशकात त्या भूमीवर मेंढरे राखीत होता. त्याचे नाव एडवर्ड मिकलथ्वेट कर. केप ग्रिमच्या कंपनीचे व्यवस्थापक जे एडवर्ड कर, त्यांचा हा मुलगा.

बापाने मृतांची संख्या कमी लिहिली. मुलाच्या लिहिण्यावरून दीडशे वर्षांनंतर जिवंतांचा हक्क नाकारला गेला. धाकट्या करांचे पुस्तक रोजनिशी नव्हे. ते १८८३ साली, म्हणजे त्या घटनांनंतर तीस-चाळीस वर्षांनी, म्हातारपणी लिहिलेल्या आठवणी आहेत. आपल्या भाषेत ती बखरच होय. ज्या जमिनीविषयी ते लिहितात ती स्वतः त्यांनीच बळकावलेली होती. ज्या गोष्टी त्या परक्या तरुणास कोणी सांगितल्या नाहीत, त्या त्यात नाहीत. जे कागदात नाही ते अस्तित्वातच नव्हते असे धरल्यास, ज्याने लिहिले नाही त्याच्या अज्ञानाचा दंड ज्याच्याविषयी लिहिले नाही त्याला भरावा लागतो.

आणखी एक कागद त्या खटल्यात पुढे आला. १८८१ साली मलोगा येथील बेचाळीस मूळ रहिवाशांनी आपल्यास जमीन मिळावी म्हणून गव्हर्नरकडे अर्ज केला होता. आमची भूमी गेली, शिकार गेली, म्हणून पोट भरण्यास जमीन द्या, असा त्याचा आशय. न्यायमूर्तींनी त्याचा अर्थ असा लावला की, पूर्वजांची रीत आपण सोडली हे या लोकांनी स्वतःच कबूल केले आहे. न्याय मागण्यासाठी केलेला अर्ज नातवंडांविरुद्ध पुरावा ठरला. २००२ च्या डिसेंबरात उच्चतम न्यायालयानेही हा निकाल कायम केला. योर्टा योर्टा लोकांनी धीर सोडला नाही. २००४ साली व्हिक्टोरिया सरकारने त्यांच्याशी भूमीच्या व्यवस्थापनाचा करार केला. पण न्यायालयात गेलेला हक्क तो गेलाच.

वह्यांतून परत मिळालेले

असे असूनही या वह्या फेकून द्याव्यात असे तेथील मूळ रहिवासी म्हणत नाहीत. त्या आमच्या पूर्वजांच्या तोंडच्या आहेत, लिहिणारा फक्त परका होता, असे ते मानतात. रॉबिन्सन आणि इतरांनी टिपलेल्या शब्दांवरून टास्मानियाच्या मूळ रहिवाशांनी पलावा कानी ही भाषा पुन्हा उभी केली आहे आणि मुलांना ती शिकविली जाते. डॉजच्या वह्यांवरून सिडनीची भाषा पुन्हा ऐकू येऊ लागली आहे. त्रुगनिनी १८७६ साली वारली तेव्हा टास्मानियाचा मूळ रहिवासी वंश संपला, असे पाठ्यपुस्तके सांगत. रॉबिन्सनने खलाशांच्या बेटांवरील स्त्रियांची जी नावे लिहून ठेविली, त्यांच्या वंशजांनी ती लबाडी मोडून काढली. मन्नलरगेनाच्या मुलींचे वंशज आज तेथे नांदत आहेत. केप ग्रिमला आता सरकारी नकाशातही केनौक हे जुने नाव जोडलेले आहे.

१९६८ साली मानववंशशास्त्रज्ञ स्टॅनर यांनी आपल्या रेडिओ व्याख्यानांत या सर्व प्रकारास ऑस्ट्रेलियाचे महान मौन असे नाव दिले होते. ते मौन इतिहासकारांनी हळूहळू फोडले. प्रा. लिंडल रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूकॅसल विद्यापीठात हत्याकांडांचा नकाशा तयार केला आणि २०१७ पासून तो सर्वांस खुला केला. सहा किंवा अधिक निःशस्त्र माणसे एका प्रसंगी मारली गेली असतील तरच ते ठिकाण नकाशात घालावयाचे, आणि प्रत्येक ठिकाणापुढे पुरावा द्यावयाचा, असा त्यांचा नियम. अशी चारशेंहून अधिक ठिकाणे आता त्यावर आहेत. त्या पुराव्यांत मारणाऱ्यांच्याच वह्या आणि पत्रे मोठ्या संख्येने आहेत. प्रा. रायन २०२४ साली वारल्या. त्यांचे काम उभे आहे.

यातून आपण घरी काय न्यावे? दुसऱ्यांनी आपल्याविषयी लिहिलेला कागद दिसला तर तो संतापाने फाडू नये आणि श्रद्धेने डोक्यावरही घेऊ नये. कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कशासाठी लिहिला, हे विचारून तो वाचावा. आपण लिहिलेला प्रत्येक अर्ज उद्या आपल्या नातवंडांच्या हाती किंवा त्यांच्या विरोधकांच्या हाती जाईल, हे ध्यानात ठेवून त्यातील शब्द निवडावा आणि त्याची नक्कल घरी ठेवावी. आणि आपल्या घरातील वृद्ध माणसे जे सांगतात, कोणत्या विहिरीवर कोणी अडविले, कोणत्या शेतातून कोणी हुसकले, कोणी पाठीशी उभे राहिले, ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावानिशी, त्या दिवसाची तारीख घालून वहीत उतरवून ठेवावे. घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर हे काम तिच्याकडे द्यावे. पट्येगरांगचे बोलणे लिहून घेण्यास एका परक्या लेफ्टनंटाची गरज पडली. आपल्या आजीचे बोलणे लिहून घेण्यास आपली लेक पुरेशी आहे.